रंकाळ्याकाठी सापडलेलं पिल्लू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसानं जरा उघडीप दिली की माझा फोन वाजायला लागतो. जुलै ते ऑक्टोबर हा आमच्याकडच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावरच्या पाणपक्ष्यांचा पिल्लांचा हंगाम. फोन करणारे बदलतात, प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतोय. पिल्लू आत्ता तुमच्या हातात असेल तर थेट सातव्या प्रश्नावर जा, बाकीचं नंतर वाचा.

१. रंकाळ्यावर हंसाचं पिल्लू सापडलंय. काय करू?

आधी एक सांगतो, ते हंसाचं नाही. चित्रातला लांब मानेचा पांढरा हंस युरोप आणि मध्य आशियातला. भारतात तो क्वचित कधी हिवाळ्यात उत्तरेकडे भरकटत आला तर येतो, वीण इथं करत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा आणि बरेच जण राजहंस म्हणतात तो पट्टकदंब. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात. तो अंडी घालतो तिबेट, लडाखच्या उंच तळ्यांकाठी, त्यामुळे त्याचंही पिल्लू कोल्हापुरात सापडायचं कारण नाही.

राहिला फार्महाऊसवर माणसांच्या अंगावर धावून जाणारा, कर्कश ओरडणारा ‘हंस’. तो पाळीव गूज. त्याचं पिल्लू असू शकतं, पण मग त्याला मालकही असणार. आजूबाजूला चौकशी करा.

२. मग हे कुणाचं आहे? कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा ते हळदी-कुंकू बदकाचं निघतं. आई-बाप दोघं दिसायला जवळजवळ सारखेच. काळ्या चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. पिल्लू पाठीकडून गडद तपकिरी, चेहऱ्याला आणि पोटाकडून पिवळट असतं आणि डोळ्यातून एक काळी रेघ गेलेली असते. बाजारातल्यासारखं नखशिखांत पिवळं असेल तर ते पाळीव बदक समजा.

काळंकुळकुळीत, लोकरीच्या गुंड्यासारखं, पण पाय अंगाच्या मानानं केवढे मोठे! ही पाणकोंबडी. डोक्यावर आणि मानेवर झेब्र्यासारख्या पट्ट्या असतील तर टिबुकली. डोकं लालसर आणि टक्कल पडल्यासारखं असेल तर वारकरी, म्हणजे मोठेपणी कपाळावर पांढरा टिळा लावून फिरतो तो काळा पक्षी. काळपट अंगावर पांढऱ्या खुणा असतील तर अडई, म्हणजे शीळ घालणारं रानबदक, असू शकते. ती झाडाच्या ढोलीतही घरटं करते, तेव्हा पिल्लू झाडाखाली दिसलं म्हणून ते ‘पडलं’ असंच समजू नका. ढोलीतून उडी मारून आईमागे पाण्याकडे निघण्याची तिच्या पिल्लांची रीतच आहे.

हे ओळखणं हौसेखातर नाही. बदकाचं पिल्लू जन्मल्यापासून स्वतःच्या चोचीनं खातं. टिबुकली आणि वारकरी यांची पिल्लं मात्र सुरुवातीला आई-बापांनी चोचीत दिलेलं खातात. टिबुकली तर पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते आणि स्वतःची पिसंसुद्धा त्यांना भरवते. तसलं पिल्लू माणसाच्या हाती जगवणं फार अवघड. त्याच्या बाबतीत घरी एक तासही घालवू नका.

३. पिल्लू एकटंच आहे. म्हणजे अनाथच ना?

मला येणाऱ्या फोनांतलं निम्म्याहून जास्त काम या एका प्रश्नावर संपतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बदकीण पिल्लांना घेऊन गवतातून, केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेनं चालते. माणूस दिसला की ती दबकते. कधी उडून दूर पाण्यावर बसते आणि तिथनं बघत राहते. तुम्ही, तुमच्याबरोबरची चार पोरं आणि मोबाईल काढून उभे राहिलेले आणखी दहा जण तिथून हलत नाही तोवर ती येत नाही. मग माणसं म्हणतात, “तासभर बघतोय, आई काय आली नाही.” येईल कशी? तुम्हीच वाटेत उभे आहात.

तेव्हा मागं सरा. पन्नास-साठ पावलं तरी. एखाद्या झाडाआड किंवा गाडीत बसा, कुत्री हाकला आणि निदान तासभर थांबा. या वेळात पिल्लाकडे नव्हे, पाण्याकडे बघा. बारीक ‘क्वक् क्वक्’ असा सारखा आवाज येत असेल तर आई बोलावतेय. पिल्लूही जोरानं चिवचिवतं. तो आवाज ऐकून आपला जीव कासावीस होतो, पण आईला पत्ता सांगणारा आवाज तोच असतो. पिल्लू खोक्यात घालून घरी नेलंत की तो पत्ताच पुसला जातो.

गेल्या काही वर्षांत रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या बाजूला मी असा कितीदा तरी बसलोय. एकदा सव्वा तास. सोबतचा मुलगा कंटाळून भेळ आणायला गेला आणि तेवढ्यात ती आली, केंदाळातून मान काढून, मागं सात पिल्लांची रांग. आठवं धावत जाऊन रांगेत घुसलं. भेळ घेऊन परत आलेल्याला काहीच बघायला मिळालं नाही.

थांबायचं नाही अशा वेळा दोन-तीनच: आई मेलेली डोळ्यांनी दिसतेय, पिल्लाला जखम झालीय किंवा कुत्र्या-मांजरानं तोंडात धरलं होतं, नाहीतर ते गार पडून, मान टाकून पडलंय. मांजराचा दात बारीक लागला तरी त्यातून जंतुसंसर्ग होऊन पक्षी दगावतो, वरून जखम दिसो न दिसो.

४. आई एक पंख ओढत, लंगडत पळत होती. तिला धरू का?

बिलकूल नको. नाटक आहे ते. शत्रूचं लक्ष पिल्लांवरून काढायला ती पंख मोडल्यासारखं करून तुम्हाला लांब ओढत नेते आणि पुरेसं लांब नेलं की टुणकन उडून जाते. हे दिसलं म्हणजे पिल्लं तुमच्या पायांजवळच कुठंतरी आहेत. खाली बघत, आलात त्याच वाटेनं मागं फिरा.

५. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही म्हणतात…

म्हणतात, पण बदकीण वासावरून पिल्लाला टाकत नाही. चुकून उचललं असेल तर त्याच दिवशी, त्याच जागी परत नेऊन ठेवा आणि वरच्या तिसऱ्या प्रश्नाप्रमाणे थांबा. ‘रंकाळ्यावर कुठंतरी’ सोडून चालत नाही. एका कुटुंबातलं पिल्लू दुसऱ्या बदकिणीपुढं टाकलं तर ती चोची मारून हाकलू शकते.

६. पिल्लं चेंबरमध्ये पडलीत / रस्त्यावर आलीत.

रस्त्यावर आई बरोबर असेल तर पिल्लं धरू नका, गाड्या थांबवा. दोघांनी दोन्ही बाजूंना उभं राहून हात केला की कोल्हापूरकर थांबतात. शिव्या देत का होईना, थांबतात. पाण्याच्या दिशेनं रस्ता मोकळा ठेवा, बाकी ती बघते.

चेंबरमधून काढताना हात घालून चिमटीत धरू नका. मासे धरायची झोळी किंवा मोठी चाळण खाली सरकवून वर घ्या. सगळी निघेपर्यंत आधीची एका बुट्टीत, वर फडकं टाकून ठेवा आणि बुट्टी आईला आवाज जाईल अशी जवळच असू द्या. सगळी आली की बुट्टी आडवी करून मागं व्हा.

७. उचलावंच लागलं. आता पहिल्या तासात काय करायचं?

ऊब, अंधार, शांतता. याच क्रमानं. खाणं-पाणी नंतर.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूंना पेनानं भोकं पाडा. तळाला जुनं सुती फडकं, शक्यतो धोतराचं किंवा साडीचं. टर्किशच्या टॉवेलाच्या फासात नखं अडकतात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद एकटा कधीच नको, पाय फाकून पिल्लू कायमचं अधू होतं.

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला साधारण ३२ ते ३५ अंश ऊब लागते. घरात ४० किंवा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब असेल तर खोक्याच्या एका कोपऱ्यावर हातभर उंचीवर टांगा. एलईडी चालत नाही. त्याचा उजेड पडतो, ऊब येत नाही, आणि रात्रभर ‘बल्ब लावला होता की’ म्हणणारे सकाळी गार पिल्लू घेऊन येतात. पिवळा बल्ब आता सहज मिळतही नाही. मग बाटलीत गरम पाणी भरा, बाटलीला मोजा चढवा आणि ती खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दर दोन तासांनी पाणी बदला, कारण गार झालेली बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे पिल्लाला नको तेव्हा दूर सरकता येतं.

थर्मामीटर नसला तरी पिल्लू सांगतं. बल्बाखाली गोळा होऊन किंचाळत असेल तर गारठलंय. लांबच्या कोपऱ्यात चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर उकडतंय. पसरून, डोळे मिटून, मधूनच पुटपुटत पडलं असेल तर बरोबर जमलंय.

खोक्यावर फडकं टाका आणि खोकं हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवू नका. लगेच वनखात्याच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन लावा. जागा, वेळ आणि पिल्लू कुठल्या स्थितीत होतं ते नीट सांगा. नेमकी जागा लिहून ठेवा, परत सोडताना तीच लागते.

८. बदकाचंच पिल्लू आहे, टबात सोडू का? पोहेल की.

सोडू नका. माझ्या हातून हे एकदा झालंय.

पहिल्याच वर्षी फुलेवाडीच्या बाजूनं कुणीतरी दोन पिल्लं आणून दिली होती. मी हौसेनं घमेल्यात पाणी भरलं. दोघंही सुरेख पोहली, बुडी मारली, घरातले सगळे भोवती गोळा. पाच-सहा मिनिटांनी एकाची पाठ ओली दिसायला लागली. लव अंगाला चिकटली आणि आत केवढासा जीव होता ते कळलं. मग ते कडेला येऊन थरथरायला लागलं. पुसलं, बल्बाखाली धरलं, पण पहाटे गेलं. दुसरं वाचलं ते केवळ ते आधी बाहेर पडलं म्हणून.

कारण मला नंतर समजलं. मोठ्या बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. ते तेल चोचीनं पिसांना लावलं की पाणी आत शिरत नाही. बारक्या पिल्लाची स्वतःची व्यवस्था अजून पुरती सुरू झालेली नसते. आईच्या पोटाखाली बसता-उठता तिच्या पिसांचं तेल त्याच्या लवेला लागतं आणि पोहून गारठलं की तीच त्याला पंखाखाली घेते. टबात यातलं काहीच नसतं.

प्यायला पाणी मात्र हवं. चोचीची नाकपुडी बुडेल इतपत खोल, पण अंग बुडणार नाही असं. कपाखालच्या बशीत धुतलेले खडे घालून पाणी ओता, चांगलं जमतं. ड्रॉपरनं चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं.

९. खायला काय देऊ?

आजच अंड्यातून आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर पहिला दिवसभर निभावतं. दोन-चार तासांत पोचवणार असाल तर काहीच देऊ नका.

रात्र काढायचीच असेल तर कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य, औषध न मिसळलेलं, थोडं पाणी शिंपडून. पोत्यावर काय छापलंय ते वाचा. ते नसेल तर उकडलेलं अंडं बारीक कुस्करून आणि वर पालकाची पानं अगदी बारीक चिरून. गोठ्याशेजारी अझोल्याचा वाफा असेल तर सोन्याहून पिवळं, तो थोडा पाण्याच्या बशीतच टाका. खात नसेल तर बोटाच्या टोकानं खाद्यावर टकटक करा. आई चोचीनं दाखवते तसं वाटून ते टिपायला लागतं.

दूध नको, पक्ष्यांना ते पचत नाही. पाव, बिस्किट, भात, चुरमुरे नकोत. आणि भडंग तर नकोच नको! हसू नका, रंकाळ्यावर मी लोकांना बदकांपुढं भडंग टाकताना बघितलंय. मीठ, तिखट आणि लसूण एवढ्याशा पोटात.

१०. घरीच वाढवलं तर काय बिघडलं? पोरांचा जीव लागलाय.

पहिली अडचण कायद्याची. रानटी बदकं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पाळणं, विकणं, अंडी उचलणं, घरटं विस्कटणं, सगळंच गुन्ह्यात मोडतं. जीव वाचवायला उचललंत म्हणून कुणी तुमच्यामागं लागत नाही, मात्र लगेच कळवायला हवं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. बदक आणि हंस कुळातलं पिल्लू अंड्यातून आल्यावर पहिल्या दिवसात जे हलतं-बोलतं दिसेल त्याला आई मानतं. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९३५ मध्ये रानटी गूजच्या पिल्लांवरून हे दाखवलं. त्यांच्या मागं पिल्लांची रांग चालायची. फोटोत ते गोड दिसतं. पण माणसाला आई मानलेलं बदक मोठेपणी माणसांकडे, पर्यायानं कुत्र्यांकडे निर्धास्त चालत जातं. म्हणून खोक्याशी बोलू नका, पिल्लू मांडीवर घेऊ नका, नाव ठेवू नका. एकटंच असेल तर खोक्यात एक छोटा आरसा उभा करा आणि पिसांचा जुना झाडन टांगा, त्याखाली ते पंखाखाली शिरावं तसं शिरतं.

पोरांना हे पटवणं अवघड जातं, मान्य. माझ्या पुतणीनं मला दोन दिवस बोलणं टाकलं होतं.

११. बांधावर वैरण कापताना अंडी दिसली. आई नव्हती, अंडी गार होती.

गार म्हणजे टाकून दिलेली असं नाही. हळदी-कुंकू रोज एक याप्रमाणे साधारण आठ-दहा अंडी घालते आणि सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी निघतात. तोवर अंडी गारच असतात. बाहेर जाताना ती अंगाची लव आणि गवत वर ओढून जाते. तुमच्या विळ्यानं ते सरकलं असेल तर तसंच परत सारा. भोवतीचं चार-पाच हात गवत ठेवा, तिथं काठी रोवू नका (कावळे काठीवर बसून बघतात), आणि महिनाभर त्या टोकाला जाऊ नका. उबवणीला चोवीस दिवसांच्या आसपास लागतात. तेवढ्या वैरणीनं म्हैस उपाशी राहणार नाही.

१२. ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर?

रानटी बदकाची नाहीत, वर कायदा सांगितला. पाळीव बदकाची खुशाल ठेवा, आपल्याकडे पूर्वापार ठेवतात. फक्त हिशेब चुकवू नका. कोंबडीची एकवीस दिवसांत निघतात, बदकाची अठ्ठावीस. एकविसाव्या दिवशी काही हललं नाही म्हणून अंडी फेकून दिलेली माणसं मला माहीत आहेत.

१३. आमच्या फार्महाऊसवर पाळलेले हंस आहेत आणि मादी मेली. पिल्लांचं काय?

पाळीव गूज असो वा आणलेला पांढरा हंस, तत्त्व तेच, फक्त काम लांबतं. हंसांत नरही पिल्लं सांभाळतो. मादी गेली तरी नर पिल्लांजवळ राहत असेल तर त्यांना वेगळं करू नका, रात्रीची ऊब आणि कुत्र्यांपासून आडोसा तेवढा द्या. नराजवळ जाताना जपून. मोठा नर दहा किलोंच्या वर भरतो आणि पंखाचा तडाखा चांगला बसतो.

नरही जवळ घेत नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे ऊब, आणि दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी. निव्वळ कोंबडीच्या खाद्यावर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात, कारण या जातीला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळायला पशुवैद्यांना विचारा. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळं गवत भरपूर. खुराक फार भारी झाला तर अंग झपाट्यानं वाढतं आणि पंखाचं शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वळतं. अशा पक्ष्याला पुढं कधीच उडता येत नाही. वळायला लागल्या लागल्या लक्षात आलं तर पशुवैद्य पंख घडी करून काही दिवस पट्टी बांधतात आणि ते सुधारतं, उशीर झाला की नाही. जमीन फरशीची नको, जड अंगानं तळपायाला फोड येऊन चिघळतात.

पांढऱ्या हंसाचं पिल्लू राखाडी असतं आणि उडायला त्याला चार-पाच महिने लागतात. कंटाळून मधेच कळंबा तलावात नेऊन सोडू नका. पाळीव बदकंही सोडू नका, त्यांचा हळदी-कुंकूशी संकर होतो.

१४. बर्ड फ्लूची भीती?

भीती नको, काळजी घ्या. देशातली पहिली साथ २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाली होती. पिल्लू हाताळल्यावर साबणानं हात धुवा, घरच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, स्वयंपाकघरात आणू नका. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर एकाही पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

१५. पुरात वाहत आलेली पिल्लं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी चढत असताना पिल्लासाठी कुणीही पाण्यात उतरायचं नाही. काठाला लागलेलं ओलं पिल्लू मिळालं तर आधी दाबून न पुसता टिपून घ्या, मग सातवा प्रश्न.

१६. वनखात्याकडे दिलेलं पिल्लू बघायला जाता येईल का?

नाही. पूर्ण पिसं फुटून ती पाण्यात भिजेनाशी व्हायला दोनेक महिने जातात आणि तेवढा काळ माणसं जितकी कमी दिसतील तितकं बरं. पोरांना दाखवायचंच असेल तर ऑक्टोबरमध्ये एखाद्या रविवारी सकाळी सातच्या आत कळंब्याच्या बांधावर आणा, दुर्बीण घेऊन. भडंग घरी ठेवा.